फितुरासाठी आलेला सिंह

राक्षसाच्या बाजूनंही कायदा असतो, हे मला वकिलीची सनद मिळायच्या कितीतरी आधी कळलं होतं. आमचं माहेरचं कुलदैवत कोळे नरसिंहपूरचा ज्वालानृसिंह. वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठी. पायऱ्या उतरून खाली जायचं, समईच्या उजेडाला डोळे सरावले की सोळा हातांची मूर्ती दिसू लागते आणि मांडीवर आडवा पडलेला हिरण्यकश्यपू. लहानपणी माझी नजर देवापेक्षा त्याच्यावरच जास्त जायची. आजी गोष्ट सांगताना त्याच्या वराची कलमं बोटांवर मोजायची. माणसाकडून मरण नाही, जनावराकडून नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. शस्त्रानं नाही, अस्त्रानं नाही. ब्रह्मदेवानं तथास्तु म्हटलं की दस्त पक्का, मग तो रद्द करणं विष्णूच्याही हातात नाही. म्हणून मग सांजवेळ, उंबरठा, मांडी, नखं आणि अर्धा सिंह. एकही कलम न मोडता काम फत्ते.

कोर्टात याला पळवाट म्हणतात. पक्षकार म्हणतात, "मॅडम, कायतरी मार्ग काढा." सर्वशक्तिमान म्हणवणाऱ्या देवालाही मार्ग काढावा लागतो, एका राक्षसाच्या कागदाचा मान राखावा लागतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्यामुळेच असेल, पण भाचीबरोबर नार्नियाचा पहिला सिनेमा बघताना, इतर लोक लढाई कधी सुरू होते याची वाट बघत असतील तिथे मी सरसावून बसले. चेटकीण सिंहाच्या छावणीत येते. वाजतगाजत, खांद्यांवरच्या आसनात बसून. आणि लढायला येत नाही, हक्क सांगायला येते.

गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना चार भावंडांना गावाकडच्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरच्या घरी धाडलेलं असतं. तिथल्या कपड्यांच्या कपाटातून धाकटी लूसी नार्निया नावाच्या देशात पोचते. तिथे चेटकिणीनं कायमचा हिवाळा आणून ठेवलाय, हिवाळा आहे पण नाताळ कधी येत नाही. थोरल्यांचा लूसीवर विश्वास बसत नाही. मधला एडमंड मात्र तिथे जाऊन येतो, चेटकिणीनं दिलेल्या टर्किश डिलाइटच्या डब्यापायी भावंडांना तिच्या हवाली करायला तयार होतो. अस्लान नावाचा सिंह त्या देशाचा खरा धनी, तो परत येतो. सी. एस. लुईस यांचं हे पुस्तक १९५० सालचं, अँड्र्यू अ‍ॅडमसन यांनी केलेला सिनेमा २००५ सालचा. मिठाईसाठी भाऊ विकणारा पोरगा आज अंमळ अतिरेकी वाटतो, पण पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात गोडधोड रेशनवर होतं आणि १९५३ पर्यंत राहिलं. त्या वेळच्या वाचक पोरांना एडमंडचा मोह समजावून सांगावा लागला नसणार.

चेटकिणीचा दावा असा, की फितूर झालेल्या प्रत्येक जिवावर तिचा हक्क आहे. तो कायदा दगडी मेजावर कोरलेला आहे, खुद्द सागरापलीकडच्या सम्राटानं, म्हणजे अस्लानच्या वडिलांनी, घालून दिलेला आहे. पुस्तकात सुझन हळूच विचारते, की या कायद्याविरुद्ध काही करता नाही का येणार? तेव्हा अस्लानच्या कपाळावर आठी पडते, आणि पुन्हा कुणी त्याला असलं काही सुचवत नाही. ती आठी मला फार आवडते. सिंहाला ठाऊक आहे, की कायदा मोडला तर चेटकीण हरेल, पण तो ज्याच्या नावानं उभा आहे तोही हरेल.

अस्लान म्हणजे येशू, दगडी मेज म्हणजे क्रूस, त्याच्या मरणाशी थांबणाऱ्या दोन मुली म्हणजे थडग्यापाशी गेलेल्या स्त्रिया, आणि मग पहाट. ही जुळवाजुळव आता सगळ्यांना पाठ झाली आहे. भाचीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की हा ख्रिश्चन पिक्चर आहे, मुलांना दाखवताना जरा विचार करा. त्यावर अंगठ्यांची रांग लागली. माझ्या भाचीनं काय केलं? तंबूचा पडदा बाजूला सारून सिंह बाहेर आला तशी ती म्हणाली, "आजी, हा आपला नरसिंह का गं?" आई म्हणाली, "आपला अर्धा असतोय. हा अख्खा आहे." विषय संपला. ज्या सांगली गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन राजांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' नाटक उभं केलं, त्या गावाला सोंगातला देव ओळखायला शिकवावं लागत नाही, आणि ओळखला म्हणून कुणाचं गोत्रही बदलत नाही.

लुईस यांना स्वतःला ही जुळवाजुळव पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की मी येशूला सिंहाचं सोंग चढवलं नाही. समजा, नार्नियासारखा एक देश खरोखरच असता, तिथे बोलणारी जनावरं असती, आणि देवाचा पुत्र आपल्या जगात माणूस झाला तसा तिथे सिंह झाला असता, तर काय झालं असतं? त्या 'समजा'तून गोष्ट निघाली. त्याच्याही आधी त्यांच्या डोक्यात होतं ते एक चित्र. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा एक वनदेव. सोळाव्या वर्षापासून ते चित्र मनात होतं, सिंह फार मागून आला. दुसरी गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे ती मला जास्त मोलाची वाटते. लहानपणी देवाविषयी अमुक वाटलंच पाहिजे अशी सक्ती झाली की ते वाटणंच गोठतं. चर्चच्या रंगीत काचा आणि रविवारची शाळा यांचा पहारा चुकवून तीच गोष्ट मुलाच्या मनात शिरली तर कदाचित खरं काही वाटेल.

हा पहारा चुकला, तो आमच्या घरी चुकला. माझ्या आईच्या बाबतीत.

सिंह आपणहून चेटकिणीकडे जातो ती रात्र. मशाली, ढोल, विद्रूप चेहऱ्यांची गर्दी. त्याला आडवा पाडतात, दोरखंडांनी आवळतात, आणि चेटकीण हुकूम सोडते की आधी याची आयाळ काढा. आई तोवर शेंगा सोलत बसली होती, अर्धं लक्ष पडद्यावर, अर्धं ताटात. तिचा हात थांबला. "केस कशाला काढायलेत?" भाची म्हणाली, "आजी, आता मारणार आहेत त्याला." आई म्हणाली, "मारायचं तर मारा की. केस कशाला?" मग जरा वेळानं, आमच्यापैकी कुणाशीच न बोलल्यासारखी म्हणाली, "मारायच्या आधी लाजवायचं असतं."

आईच्या लहानपणी त्यांच्या घरात एक सोवळी आत्याआजी होती. तांबडं अलवण, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर. न्हावी मागच्या दारानं यायचा, आणि तेवढा वेळ पोरींना पुढच्या अंगणात खेळायला पिटाळायचे. पोरी खेळायच्या, पण आत काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असायचं. हे आईनं मला पूर्वी कधी तरी तुटक सांगितलं होतं. त्या दिवशी तिनं ते भाचीला सांगितलं नाही, पण ताट बाजूला ठेवून उरलेला प्रसंग नीट बघितला.

शुभवर्तमानात शिपाई येशूला जांभळा झगा चढवतात, काट्यांचा मुकुट घालतात, हातात बोरू देऊन राजा म्हणून मुजरे करतात. लुईस यांनी तिथून ही आयाळ उचलली हे उघड आहे. 'हे तर नुसतं मोठं मांजर', असं गर्दीतलं कुणी खिदळतं तेसुद्धा. माझ्या आईनं बायबल कधी हातात धरलेलं नाही. तिच्यापुढे काट्यांचा मुकुट नव्हता, मागचं दार होतं. तरी त्या प्रसंगात काय चाललंय हे तिला आमच्या दोघींपेक्षा आधी आणि बरोबर कळलं. प्रतीकांची यादी हातात घेऊन बसणाऱ्यांना ते तितकं कळत असेल का, मला शंका आहे.

देवाला बांधल्याच्या गोष्टी आमच्याकडेही आहेत. यशोदेनं उखळाला बांधलेला दामोदर आहे. पण ते बांधणं लाडाचं, दोरी दोन बोटं कमी पडते आणि शेवटी देवच बांधून घेतो. जनाबाईसंगे देव दळतो, शेण्या वेचतो. हसू येतं, डोळे भरून येतात, पण देवाचा अपमान होत नाही. अपमान सोसणारा देव आमच्या कथांतून शोधायला लागले तर मला फार लांब जावं लागतं.

आता चेटकिणीच्या दाव्याकडे परत. सैतानाचा माणसावर कायदेशीर हक्क आहे, आणि देवानं तो खंडणी भरून सोडवला, ही कल्पना लुईस यांची नाही. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत ती चांगलीच चलनात होती. चौथ्या शतकातले धर्मपंडित निसाचे ग्रेगरी तर म्हणतात, देवपण हा गळ आणि मानवी देह हे आमिष, सैतानानं आमिष गिळलं आणि गळाला लागला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या दुसऱ्या धर्मपंडितांनी हरकत घेतली: सैतानाचा कसला हक्क? दरोडेखोराचा लुटीवर हक्क असतो का? कर्ज आहे ते माणसाचं देवाकडे. पश्चिमेतल्या चर्चमध्ये पुढे बरीचशी त्यांचीच सरशी झाली. लुईस मात्र मुलांच्या गोष्टीत जुन्या, भाबड्या वाटणाऱ्या मांडणीकडे परत गेले. गोष्ट सांगणाऱ्याला दुसरा इलाजही नव्हता. अँसेल्म यांच्या मांडणीत चेटकिणीला कामच उरत नाही.

एकाच्या गुन्ह्यापायी दुसऱ्यानं मरायचं, हा कुठला न्याय, असं भाचीनं विचारलंच. तिला मी आमच्याकडचं उत्तर दिलं. सांगली-साताऱ्याकडे जामीनदार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सोसायटी म्हणा, पतसंस्था म्हणा, ट्रॅक्टरचं कर्ज म्हणा, दोन जामीनदार लागतात, आणि नाही म्हणायची सोय नसते. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी आले होते, मेहुण्याला जामीन राहिलेले. मेहुणा परागंदा, वसुलीची नोटीस गुरुजींच्या दारावर. मी म्हटलं, तुम्हाला कल्पना होती का याची? ते म्हणाले, "कर्ज त्याचं, पण सही माझी." चिडून नाही, कुणी हजेरी दिल्यासारखं म्हणाले. अस्लान एडमंडविषयी एवढंच बोलला असता. फरक इतकाच की गुरुजींनी सही केली तेव्हा मेहुणा सज्जन होता. अस्लाननं सही केली ती पैसे बुडाल्यावर, कर्जदार फितूर आहे हे डोळ्यांनी बघून.

इथे मला दामाजीपंत आठवले, आणि आठवून अडले. मंगळवेढ्याचे दामाजी. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार लोकांना लुटवलं. कायद्यानं तो अपहारच. तेव्हा पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला आणि सगळी रक्कम दरबारात ओतून पावती घेऊन आला. देवानं भक्ताचं देणं भागवलं, तेसुद्धा कागद नीट करून, राजाचा कायदा न मोडता. पहिल्यांदा वाटलं, ही घ्या नार्नियाची मराठी प्रत. पण नाही. दामाजींनी भुकेल्यांना धान्य दिलं होतं. एडमंडनं काय केलं होतं? दामाजींसाठी देव धावला नसता तर गोष्ट ऐकणारे आपणच देवावर रुसलो असतो. एडमंडसाठी कुणी रुसलं नसतं. फितूर म्हटला की आमच्या इतिहासात त्याची जागा कड्याच्या टोकाशी. आमचे देव भक्तासाठी काय वाटेल ते करतात, महारवाड्यातून निरोप्या होऊन जातात, खांब फोडून बाहेर येतात. हा सिंह फितुरासाठी येतो. त्या गोष्टीत माझ्या घरच्या देवांशी जुळवून न घेता येणारी जागा ही एवढीच, आणि म्हणूनच ती माझ्या डोक्यातून जात नाही.

सिनेमानं नेमक्या याच जागी हात आखडता घेतलाय, असं मला पुस्तक पुन्हा वाचताना जाणवलं. पुस्तकात मेज दुभंगतं आणि परत आलेला अस्लान मुलींना सांगतो, की चेटकिणीला ठाऊक असलेल्या कायद्याच्याही आधीचा एक कायदा आहे, काळाच्या पहाटेपूर्वीचा. निरपराध जिवानं आपणहून फितुराच्या जागी मरण पत्करलं, तर मेज तडकेल आणि मरणच उलटं चालू लागेल. चेटकिणीचं ज्ञान काळाच्या सुरुवातीपाशी संपतं, त्यामागचं तिला वाचता येत नाही. सिनेमातला अस्लान म्हणतो, त्यागाचा खरा अर्थ तिला कळला असता तर तिनं तो कायदा वेगळ्या रीतीनं वाचला असता. लियम नीसन यांच्या आवाजात ते वाक्य छानच वाटतं. पण वकिलाच्या कानाला फरक लगेच लागतो. जुनी सनद काढून समोरच्याचा दावा निकालात काढणं वेगळं, आणि आहे त्याच कलमाचा अर्थ फिरवणं वेगळं. पहिल्यात विश्वाच्या बुडाशी दया आहे असं म्हणायचं धाडस आहे. दुसऱ्यात समोरच्या वकिलाचा अभ्यास कच्चा होता, इतकंच.

दुसरी जागा शेवटाची. क्रूसावर येशूचा शेवटचा उद्गार, योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे, 'पूर्ण झाले आहे' असा आहे. सिनेमात अस्लानही तेच म्हणतो. कधी? मेजावर मरताना नाही, चेटकिणीला फाडल्यावर. पुस्तकात हे वाक्य नाही. सिनेमाकर्त्यांना श्रद्धाळू प्रेक्षकांसाठी एक खूण पेरायची असेल, पण ती भलत्याच दगडावर पेरली गेली. मरण्यात जे पुरं झालं होतं ते मारण्यात पुरं झालं. गंमत म्हणजे त्या क्षणी अस्लान आमच्या नरसिंहाच्या सगळ्यात जवळ येतो, आणि भाचीनं टाळ्या पिटल्या त्याही तिथेच. टिल्डा स्विंटन यांची चेटकीण इतकी गोठलेली आणि थंड आहे, की टाळ्या पडणारच.

एक राग माझा लुईस यांच्यावरही आहे. पुढच्या पुस्तकांत कालोर्मेन नावाचा देश येतो. काळसर वर्णाचे, पागोटेवाले, वाकड्या तलवारींचे लोक, आणि ताश नावाचा त्यांचा गिधाडमुखी, चार हातांचा देव. चार हातांचा! देव्हाऱ्यासमोर वाढलेल्या वाचकाला तिथे ठेच लागतेच. आणि मग १९५६ च्या शेवटच्या पुस्तकात तेच लुईस एमेथ नावाचा एक कालोर्मेन तरुण आणतात. त्यानं जन्मभर मनोभावे ताशची भक्ती केलेली असते. अस्लान त्याला म्हणतो, तू ताशसाठी जे केलंस ते माझ्याच खात्यावर जमा आहे. हे वाचताना गीतेचा नववा अध्याय न आठवणारा मराठी वाचक विरळा. 'येऽप्यन्यदेवता भक्ता यजन्ते श्रद्धयान्विताः, तेऽपि मामेव कौन्तेय यजन्त्यविधिपूर्वकम्.' मात्र अस्लान लगेच जोडतो, की ताश आणि मी एक आहोत म्हणून नव्हे, चांगलं ते माझ्याकडेच येतं म्हणून. आणि कृष्णही 'अविधिपूर्वकम्', म्हणजे विधी सोडून, असं म्हणायला विसरत नाही. दोघांनी मेहेरबानी करताना कोपऱ्यात शेरा मारून ठेवलाय.

लुईस स्वतः परक्यांच्या पुराणांच्या वाटेनं आलेले. तरुणपणी नास्तिक, पण मरून पुन्हा उगवणाऱ्या जुन्या देवांच्या कथांवर जीव. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्डला टॉल्किन आणि डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं, आणि येशूची कथा ही खरी घडलेली पुराणकथा आहे, हे त्यांना पटलं. आमच्याकडे रेव्हरंड टिळक म्हणायचे, की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. आयुष्याच्या शेवटी ते साताऱ्यात येऊन राहिले, मिशनच्या चौकटीबाहेरचा 'देवाचा दरबार' मांडला. पुलावरून एकाच दिशेनं जाता येतं असं काही नाही. माझी भाची उलट्या बाजूनं निघाली आहे.

म्हणजे असं, की सिनेमा झाल्यावर तिनं आईकडून प्रल्हादाची गोष्ट पुन्हा वदवून घेतली, आणि या वेळी हिरण्यकश्यपूच्या बाजूनं. त्याला कुणी माफ का केलं नाही? त्याच्यासाठी का कुणी मेलं नाही? आईला उत्तर ठाऊक होतं, मला नव्हतं. भागवताच्या सातव्या स्कंधात, सगळं झाल्यावर, नरसिंह प्रल्हादाला वर माग म्हणतो. प्रल्हाद म्हणतो, माझ्या वडिलांनी तुझी निंदा केली, त्या पापातून ते मोकळे होऊ देत. देव म्हणतो, तुझे वडील एकवीस पिढ्यांसह पावन झाले.

"बघ," आई म्हणाली, "आपल्याकडंही केलं की माफ."

"पण मेल्यावर," भाची म्हणाली. "लूसीनं आधीच विचारलं होतं सिंहाला, की एडमंडला वाचवता येईल का म्हणून."

हे खरं आहे. पुस्तकात ती अस्लानला भेटते तेव्हा तिचं पहिलं मागणं तेच असतं, आणि तो म्हणतो, सगळं केलं जाईल, पण तुला वाटतं त्याहून ते अवघड असेल. मी माझ्या परीनं निकाल दिला, की लूसीचा अर्ज मुदतीत आला, प्रल्हादाचा मुदतीनंतर. तरी देवानं तो दाखल करून घेतला, हेच विशेष.

हा निकाल भाचीनं मान्य केलेला नाही. तिचं म्हणणं, प्रल्हाद तर तिथेच उभा होता, उंबरठ्याच्या बाजूला. त्याला आधी कुणी विचारलं का?

आई म्हणते, देवाला तेवढा वेळ नव्हता, सांज सरत आली होती. भाची म्हणते, मग उद्याची सांज होती की.